उसन्या आगीवरची नानकटाई

घरात ओव्हन नाही, भट्टी नाही, तरीही दिवाळीला आणि ईदला डबे भरभरून घरची नानकटाई! महाराष्ट्रातील अनेक गावांत दोन-तीन पिढ्यांनी हे पाहिले आहे. पीठ घरचे, तूप घरचे, हात घरचे. केवळ आग गल्लीतल्या बेकरीची. ही साधी वाटणारी सोय मराठी समाजात सहजासहजी रुजलेली नाही. तिच्यामागे बाटण्याचे भय आहे, एक गुप्त मंडळी आहे, एक चोरीला गेलेली वही आहे आणि पुण्यातला एक चहाही आहे. भिवंडीपासून सुरू होणारा हा धागा.

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आठवतात. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातील विणकर कुटुंबे येथे येऊन वसली. कोकणी मुसलमान, आगरी, कोळी, कुणबी ही वस्ती त्याआधीची. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. माग रात्रंदिवस चालतात, पाळ्या बदलतात आणि पहाटे सुटणाऱ्या पाळीला चहा-पाव लागतो. अशा गावात बेकरीची भट्टी पूर्ण थंड अशी क्वचितच होते.

ही भट्टी म्हणजे विटांची घुमटाकार खोली. आत लाकडे जाळायची, विटा तापल्या की निखारे बाजूला सारायचे आणि त्या साठवलेल्या उष्णतेवर भाजायचे. पावाला कडक आच लागते, म्हणून पहिला मान पावाचा. आच उतरू लागली की टोस्ट, खारी आणि शेवटी नानकटाई. पावाच्या आचेत नानकटाई घातली तर ती वरून करपेल आणि आत कच्ची राहील. घराघरांतून येणारे पत्रे म्हणूनच पाव निघून गेल्यानंतरच्या वेळेत लागत. बेकरीवाल्याला उरलेल्या उष्णतेचे दोन पैसे मिळत, घराला भट्टी मिळे.

घरची तयारी मात्र आदल्या दिवसापासून. परातीत घट्ट तूप घेऊन ते तळहाताने फेसायचे. पिवळसर तूप पांढरे, हलके होईपर्यंत हात थांबवायचा नाही. मग पिठीसाखर, मैदा, थोडा रवा किंवा बेसन, चिमूटभर खायचा सोडा, वेलची-जायफळ. पाण्याचा थेंब नाही. डबा घेऊन बेकरीवर जायचे, तिथेच काळ्या पत्र्यांवर गोळे मांडायचे, प्रत्येकावर बोटाने खळगा पाडून चारोळी किंवा पिस्त्याचा काप बसवायचा आणि आपला पत्रा कोणता हे डोळ्यांत तेल घालून लक्षात ठेवायचे. (पत्र्यांची अदलाबदल हा त्या काळचा हमखास वादाचा विषय. आपल्या तुपाचा वास आपल्याला ओळखू येतो, असा प्रत्येक घराचा दावा असे.) लांब दांड्याच्या लाकडी फळीने कारागीर पत्रे आत सरकवी. एकाच घुमटाखाली कोणत्या घराचे, कोणत्या धर्माचे पीठ भाजले जात आहे, हे विटांना ठाऊक नसे.

गोष्ट खरी येथे सुरू होते. कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच घरांपैकी कित्येकांना बेकरीची पायरी चढणेदेखील अशक्य होते.

भिवंडीच्या पश्चिमेला वसई. १५३४ ते १७३९ अशी दोनशेहून अधिक वर्षे वसईवर पोर्तुगीजांची सत्ता होती. चिमाजी अप्पांनी ती संपवली. ‘पाव’ हा शब्द त्याच भाषेतला. गोव्यात पाव भाजणारा ‘पोदेर’, हाही पोर्तुगीज ‘पादेइरु’चाच अपभ्रंश. युरोपीय खमीर येथे मिळेना, तेव्हा पोदेरांनी माडाच्या ताडीने पीठ फुगवले. चव उत्तम साधली; पण त्याच ताडीने पावाला सोवळ्या घराचे दार बंद झाले. वर तो भाजणारा हात ख्रिस्ती किंवा मुसलमान. वसई-गोव्याकडे आजही एक हकिगत तोंडोतोंडी सांगितली जाते : विहिरीत पाव टाकला, नकळत ते पाणी प्यालेले गाव बाटले. यातले किती खरे आणि किती रचलेले, हे बाजूला ठेवले तरी एवढे दिसते की पाव हा खाण्याचा पदार्थ राहिला नव्हता. तो धर्माच्या कुंपणाचा खांब झाला होता.

जो पदार्थ कुंपणाचा खांब होतो, तोच कुंपण मोडणाऱ्यांच्या हातातले हत्यारही होतो. हे घडले मुंबईत.

१८४९. मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांचे काही तरुण स्नेही एकत्र आले. मंडळीचे नाव परमहंस सभा. अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर. जातिभेद मानायचा नाही, ही प्रतिज्ञा. परंतु प्रतिज्ञा तोंडाने करणे सोपे असते, हे ही मंडळी जाणून होती. म्हणून प्रवेशाची कसोटी जिभेची होती. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. मगच तो आपला.

आजच्या वाचकाला याचे हसू येईल. पावाचा एक तुकडा, त्यात काय मोठे? त्या तुकड्याची किंमत समजून घ्यायची तर वाळीत पडणे म्हणजे काय, ते आठवावे लागते. घरी न्हावी येत नाही, भटजी येत नाही. मुलीचे लग्न जमत नाही. वडिलांच्या श्राद्धाला पंगत बसत नाही. मेल्यावर चार खांदे मिळत नाहीत. विशी-पंचविशीतला तरुण तो पाव तोंडात घालतो तेव्हा आपल्या आईचे, बायकोचे, अजून न जन्मलेल्या मुलांचे सगळे नाते त्या घासावर लावतो. आणि म्हणूनच हे सारे बंद दाराआड चालले. पुढे संस्कृत विद्येत जगभर नाव कमावणारे रामकृष्ण गोपाळ भांडारकर तरुणपणी या मंडळीत होते. बाबा पदमनजीही होते. पण त्यांना ही लपवाछपवी पुरेना. १८५४ मध्ये त्यांनी उघडपणे ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

परमहंसांच्या या गुप्ततेवर तेव्हापासून टीका होत आली आहे आणि ती अगदीच गैर नाही. लपून खाल्लेल्या पावाने समाज बदलत नाही. परंतु तो पाव त्यांनी एकेकट्याने खाल्ला नाही, मित्रांच्या पंगतीत खाल्ला, हेही विसरता येत नाही. सभेचे खरे बळ तिच्या ठरावांपेक्षा या एकत्र खाण्यात असावे. ज्यांच्यासोबत हे खाल्ले त्यांच्याशी दगाबाजी करणे कठीण, असा तो हिशेब होता.

हिशेब चुकला. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली. नावे फुटली आणि मंडळी पांगली. अकरा वर्षांचे काम एका वहीने संपवले. १८६७ मध्ये दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उभा राहिला, तो उघड्यावर. पण प्रवेशासाठी पाव खाण्याची अट त्यात उरली नव्हती.

वही चोरणाराचे नाव इतिहासाला गवसले नाही. तीस वर्षांनी पुण्यात मात्र नावे फोडणारा स्वतःच पुढे आला. ऑक्टोबर १८९०. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झाले आणि त्यानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि चोवीस वर्षांचे गोखले. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावून ठेवून दिला. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी चाळीसहून अधिक जणांची यादी ‘पुणेवैभव’ पत्रात छापून टाकली आणि शहर पेटले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीला शास्त्री नेमले गेले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा त्यांना सर्वांत बोचरे शब्द ऐकावे लागले ते सुधारकांचेच. हायकोर्टाच्या आसनावर बसू शकणारा माणूस एका बिस्किटापुढे हतबल होता.

व्यापाऱ्यांनी या भयातही धंदा ओळखला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीत ‘हिंदू बिस्किट कंपनी’ निघाली. बिस्किटाला उच्चवर्णीय हातांखेरीज कोणाचाही स्पर्श झालेला नाही, ही तिची जाहिरात. बिस्किट हवे होते. भाजणारा हात तेवढा नको होता.

आणि नेमक्या येथेच नानकटाईची चतुराई दिसते. सुरतेत सांगतात की, डच व्यापारी गेले, त्यांची भट्टी एका पारशी कारागिराच्या हाती आली. पावाला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा सुकवलेल्या पावापासून सुरू होऊन त्याची वाट बिस्किटांकडे आणि नानकटाईकडे वळली. ‘नान’ हा फारसी शब्द, अर्थ रोटी. सुरतेहून ती मुंबईत आली आणि मुंबईच्या आसपास सर्वत्र पसरली.

तिच्या घडणीकडे सोवळ्या डोळ्यांनी पाहावे. ताडी नाही. अंडे नाही. पाणी नाही. सारे काही तुपात. विटाळाच्या जुन्या नियमांत पाण्यात शिजलेले अन्न सर्वांत नाजूक, तुपातले त्यापेक्षा सोशिक. लाडू-चिवडा ज्या घरून चालतो त्या घरचा भात चालत नाही, हा अनुभव अनेकांचा. नानकटाई या नियमाच्या बरोबर फटीतून आत शिरली. त्यातून पीठ घरी मळलेले. परका हात लागतो तो पत्र्याला, फार तर फळीला. आणि अग्नी तर स्वतःच पावन करणारा! कोणताही नियम मोडल्याचे कबूल न करता घरातले पीठ मुसलमानाच्या किंवा इराण्याच्या भट्टीत जाऊ लागले. परमहंसांना जे प्राण पणाला लावून साधले नाही, ते तुपाच्या डब्याने मुकाट्याने साधले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. डबा घेऊन निघालेल्या बायका जातिभेद मोडायला निघाल्या नव्हत्या. त्या दिवाळीची तयारी करत होत्या. आणि ज्यांना तुपाचा डबा परवडतच नव्हता, त्या घरांच्या वाट्याला ही सोय आली नाही.

भिवंडीच्या बाबतीत हा मोह आवरणे अधिकच आवश्यक. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर येथे भीषण दंगल झाली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये गाव पुन्हा पेटले. एका घुमटाखाली भाजलेल्या नानकटाईने तेव्हा कोणाचे घर वाचवले नाही. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या : दोन्ही समाजांची सामान्य माणसे, नियमित बैठका, लहानसहान भांडणांचा तिथल्या तिथे निवाडा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. ते श्रेय आखीव, चिकाटीच्या कामाचे आहे, फराळाच्या ताटाचे नव्हे. मात्र समितीत समोरासमोर बसलेली माणसे एकमेकांना अगदीच अनोळखी नव्हती. ज्या गावात पाव, पाणी, माग आणि रस्ते सामायिक आहेत, तिथे ओळख आधीपासून असते. तिला बोलते करावे लागते, एवढेच.

पुढे घरात गोल विजेचे ओव्हन आले, कुकरमध्ये वाळू घालून केक भाजण्याच्या युक्त्या आल्या, मग मायक्रोवेव्ह आले. बेकरीपुढची रांग आखडत गेली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाचे कारण देऊन मुंबईतील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. धुराचा त्रास खरा आहे, त्याबद्दल वाद नाही.

बदलले ते प्रमाण. बेकरीवर पाव किलोचा घाणा कोणी लावत नसे. एवढी वाट चालायची, एवढा वेळ थांबायचे, तर दोन-तीन किलोंचे पीठ न्यायचे. त्याची नानकटाई कोणत्याही एका घराला संपणारी नव्हती. म्हणून परतीच्या वाटेवरच वाटे ठरत : हे शेजारच्या घरी, हे मुलीच्या सासरी, हे मागावरच्या सोबत्यांना, आणि पत्रा नीट सांभाळणाऱ्या कारागिराच्या हातावर गरम गरम दोन. घरच्या ओव्हनच्या थाळीत डझनभर मावतात. संध्याकाळपर्यंत त्या घरातच संपतात.