पहिले महायुद्ध आणि अमेरिकेतील युद्धविरोधी विचारवंत व लोकप्रतिनिधी (१९१४–१९२१) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

दि. २ एप्रिल १९१७ रोजी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी अमेरिकन काँग्रेसच्या संयुक्त अधिवेशनात जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्याची मागणी केली. सिनेटने ४ एप्रिल रोजी ८२ विरुद्ध ६ आणि प्रतिनिधिगृहाने ६ एप्रिल रोजी ३७३ विरुद्ध ५० मतांनी तिला मान्यता दिली. पहिल्या महायुद्धाच्या अभ्यासात या बहुमताची चर्चा विस्ताराने होते. विरोधातील ५६ मते मात्र आकड्यापुरतीच उरतात. हा विरोध युद्ध थांबवू शकला नाही, हे उघड आहे. परंतु ६ एप्रिलपर्यंत जी वैध राजकीय भूमिका होती, ती त्यानंतर काही महिन्यांतच गुन्हा कशी ठरली आणि न्यायालय, वृत्तसंस्था व विद्यापीठ या संस्थांनी त्या वेळी कोणती भूमिका घेतली, हा प्रश्न लोकशाहीच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. प्रस्तुत निबंधात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

युद्धप्रवेशापूर्वीचा विरोध :

ऑगस्ट १९१४ मध्ये अमेरिकेने तटस्थता जाहीर केली. जानेवारी १९१५ मध्ये शिकागोच्या समाजसेविका जेन ॲडम्स यांच्या नेतृत्वाखाली विमेन्स पीस पार्टी स्थापन झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हेग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ हे ब्रिटिश जहाज बुडविले आणि त्यात १२८ अमेरिकन नागरिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर विल्सन यांनी जर्मनीला पाठविलेल्या खलित्यांची भाषा परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना पटली नाही. अमेरिकन नागरिकांना युद्धमान राष्ट्रांच्या जहाजांतून प्रवास करण्यास मनाई करावी आणि ब्रिटनच्या सागरी नाकेबंदीचाही तितकाच निषेध करावा, असे त्यांचे मत होते. जून १९१५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तीन वेळा अध्यक्षपदाचा उमेदवार राहिलेला नेता तत्त्वासाठी मंत्रिपद सोडतो, यावरून त्या वेळी हा विरोध राजकारणाच्या मध्यवर्ती प्रवाहात होता, हे दिसून येते.

सभागृहातील विरोध :

१ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने अनिर्बंध पाणबुडीयुद्ध पुन्हा सुरू केल्यावर परिस्थिती पालटली. तरीही सिनेटमध्ये विस्कॉन्सिनचे रॉबर्ट ला फॉलेट यांनी सुमारे चार तास भाषण करून ठरावाला विरोध केला. सरकारने दोन्ही पक्षांना समान न्याय लावला नाही आणि ज्या गरिबांना खंदकांत मरावे लागणार त्यांचे मत कोणी विचारले नाही, असे त्यांचे प्रमुख मुद्दे होते. नेब्रास्काचे जॉर्ज नॉरिस यांनी या निर्णयामागे धनिकांचे हितसंबंध असल्याचा आरोप केला. प्रतिनिधिगृहात काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या महिला, मोंटानाच्या जेनेट रँकिन यांनीही विरोधी मत दिले.

या विरोधकांचा एकसंध गट मानणे मात्र चुकीचे ठरेल. सिनेटमधील सहा जणांत मिसिसिपीचे जेम्स व्हार्डामन यांच्यासारखे उघड वर्णवर्चस्ववादीही होते. ला फॉलेट यांच्या विस्कॉन्सिन राज्यात जर्मन वंशाचे मतदार मोठ्या संख्येने होते. ब्रायन यांनी तर युद्ध जाहीर होताच साधा शिपाई म्हणून सेवा देण्याची तयारी दर्शविली. शांततावाद, समाजवाद, भांडवलशाहीविषयीचा संशय आणि प्रादेशिक हित असे अनेक प्रवाह या विरोधात मिसळलेले होते.

कायदा आणि न्यायालय :

जून १९१७ च्या हेरगिरीविरोधी कायद्याने सैन्यभरतीत अडथळा आणणाऱ्यास वीस वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. मे १९१८ च्या दुरुस्तीने शासन, राज्यघटना, ध्वज व सैन्य यांच्याविषयीचे अनादरदर्शक लेखन व भाषणही गुन्ह्याच्या कक्षेत आणले. १६ जून १९१८ रोजी समाजवादी नेते यूजीन डेब्स यांनी ओहायो राज्यातील कँटन येथे भाषण केले. त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. १० मार्च १९१९ रोजी, म्हणजे युद्धबंदीनंतर चार महिन्यांनी, सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. निकालपत्र न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी लिहिले होते. अटलांटाच्या तुरुंगातून डेब्स यांनी १९२० ची अध्यक्षीय निवडणूक लढविली आणि त्यांना नऊ लाखांहून अधिक मते मिळाली. विल्सन यांनी त्यांना माफी नाकारली. पुढील अध्यक्ष हार्डिंग यांनी शिक्षा कमी केल्यामुळे १९२१ च्या नाताळात त्यांची सुटका झाली.

ला फॉलेट यांचा अनुभवही बोलका आहे. सप्टेंबर १९१७ मध्ये सेंट पॉल येथील भाषणात जर्मनीविरुद्ध अमेरिकेच्या तक्रारी आहेत, असे ते म्हणाले होते. वृत्तसंस्थेने मात्र तक्रारी नाहीत, असे ते म्हणाल्याचे वृत्त दिले. त्यांची सिनेटमधून हकालपट्टी करण्याची मागणी झाली. ते ज्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे पदवीधर होते, तेथील चारशेहून अधिक प्राध्यापकांनी त्यांच्या निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या. पुढे वृत्तसंस्थेने चूक मान्य केली आणि जानेवारी १९१९ मध्ये सिनेटने प्रकरण बंद केले.

विद्यापीठाची कसोटी :

कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत होते, म्हणून ते मराठी वाचकाला परिचित आहे. ते तेथून गेल्यानंतर वर्षभरातच, जून १९१७ च्या पदवीदान समारंभात, विद्यापीठाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांनी युद्धविरोधी मतास यापुढे थारा मिळणार नाही, असे जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकीन कॅटेल आणि साहित्याचे अध्यापक हेन्री डाना यांना सेवेतून काढण्यात आले. सक्तीने भरती केलेल्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध युरोपात पाठवू नये, असे पत्र कॅटेल यांनी काँग्रेसच्या सदस्यांना लिहिले होते. यानंतर काही दिवसांतच इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी राजीनामा दिला. बिअर्ड स्वतः युद्धाचे समर्थक होते, ही बाब येथे सर्वाधिक महत्त्वाची आहे. ज्या मताशी आपण सहमत नाही, ते मत बाळगल्यामुळे सहकाऱ्याची नोकरी जावी, हे त्यांना मान्य नव्हते.

आंबेडकरांचे गुरू जॉन ड्यूई यांनी युद्धाचे समर्थन केले. त्यांचे एकेकाळचे चाहते आणि याच विद्यापीठाचे पदवीधर रँडॉल्फ बोर्न यांनी त्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका केली. बोर्न ज्या मासिकात लिहीत होते, त्याचे अर्थसाहाय्य थांबले आणि ते १९१७ मध्येच बंद पडले. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेनेही १९१८ च्या अहवालात युद्धकाळात अध्यापनस्वातंत्र्यावर मर्यादा घालणे मान्य केले.

निष्कर्ष :

या विरोधाचे मूल्यमापन केवळ यशापयशाच्या निकषावर करता येत नाही. युद्धविरोधकांच्या बचावासाठी १९१७ मध्ये सुरू झालेल्या कार्यातूनच १९२० मध्ये अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही संघटना उभी राहिली. नोव्हेंबर १९१९ मध्ये खुद्द होम्स यांनी अशाच एका खटल्यात मतस्वातंत्र्याच्या बाजूने भिन्नमत नोंदविले. १९१८ ची दुरुस्ती १९२० मध्ये रद्द झाली. १९१७ चा मूळ कायदा मात्र आजही अस्तित्वात आहे. रँकिन १९४० मध्ये पुन्हा निवडून आल्या आणि ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानविरुद्धच्या युद्धास विरोध करणाऱ्या त्या एकमेव सदस्य ठरल्या.

१९३१ चे शांततेचे नोबेल पारितोषिक जेन ॲडम्स आणि निकोलस मरे बटलर यांना विभागून देण्यात आले. युद्धाला विरोध केल्याबद्दल लोकनिंदा सोसणारी व्यक्ती आणि तशाच विरोधासाठी प्राध्यापकांना घालवणारा विद्यापीठाचा अध्यक्ष एकाच सन्मानाचे मानकरी ठरले. शांततेच्या काळात शांततेचा पुरस्कार करणे सोपे असते. संस्थांची खरी परीक्षा युद्धाच्या काळातच होते आणि १९१७ मध्ये त्या परीक्षेत संस्था कमी पडल्या. बिअर्ड यांच्यासारख्या काही व्यक्ती मात्र त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या, हेच या इतिहासातून दिसून येते.