चिंधीची परीक्षा

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातले तेरखेडा शोभेच्या दारूसाठी ओळखले जाते. दारूकामाला सुती कपडेच घालावेत, असे जाणकार बजावतात. आपण मात्र प्रत्येक गुळगुळीत कापडाला सरसकट 'नायलॉन' म्हणून मोकळे होतो. म्हणून या कापडांची कुळकथा सांगतो.

१८९२ साली इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी व्हिस्कोस रेयॉनचे पेटंट घेतले. लाकडाचा लगदा रसायनांनी विरघळवायचा आणि बारीक छिद्रांतून दाबून त्याचा धागा काढायचा. मूळ झाडाचे, घडण कारखान्याची. म्हणून हा धागा अर्धकृत्रिम. आपल्याकडे कल्याणजवळ मोहोने आणि शहाड येथे रेयॉनचे मोठे कारखाने उभे राहिले.

पॉलिएस्टरचे कूळच वेगळे. १९४१ साली व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी इंग्लंडमध्ये शोधलेला हा धागा पूर्ण कृत्रिम. त्याची रसायने खनिज तेलातून येतात. साठच्या दशकात ठाण्यात तो 'टेरीन' नावाने तयार होऊ लागला. कापसाशी त्याची सोयरीक झाली आणि टेरिकॉट आले. व्हिस्कोसशी झाली, त्यातून पँटचे, गणवेशाचे कापड निघाले. स्कॉटलंडचे घोळदार किल्टही आता या मिश्रणाचे मिळतात. १९८२ साली पाताळगंगेला पॉलिएस्टरचा मोठा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला होता.

स्वस्त, चटकन वाळणारी, इस्त्री न मागणारी साडी कष्टकरी बाईला सोयीची वाटली, यात तिची चूक नाही. पण पॉलिएस्टर ओलावा धरत नाही. कोरड्या हवेत घासले की त्यावर स्थिर वीज साठते. तिची ठिणगी दारूला पुरते. शिवाय पेटल्यावर ते वितळून कातडीला चिकटते. सूत आणि व्हिस्कोसही भरभर जळतात, पण वितळत नाहीत.

ओळख सोपी आहे. दारूपासून खूप दूर, घरी, कापडाचा एक धागा चिमट्यात धरून जाळा. कागदासारखा वास आणि मऊ राख आली, तर सूत किंवा व्हिस्कोस. आक्रसून काळा, टणक मणी झाला, तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. राखेत मणी सापडला, तर मिश्रण समजा.

मला वाटते, सुती कपड्याचा जादा खर्च मजुरीतून निघू नये. तो कारखान्यानेच उचलावा.