मॅट्रोस्का फाइलमधील ध्वनिपट आणि भाषेची नोंद

चित्र, अनेक भाषांतील ध्वनिपट आणि उपशीर्षके एकाच फाइलमध्ये बांधणारे ‘मॅट्रोस्का’ हे मुक्त स्वरूप २००२ पासून प्रचलित आहे. एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून त्याला हे नाव मिळाले.

प्रत्येक ध्वनिपटासोबत मेटाडेटा, म्हणजे पटाचे नाव, भाषेची संकेताक्षरे इत्यादी नोंदी असतात. मराठीची संकेताक्षरे ‘एम-ए-आर’ अशी आहेत. भाषेची नोंदच नसेल, तर प्रमाणकानुसार तो पट इंग्रजी मानला जातो. इतर भाषांवर ही तरतूद अन्याय करते, असेच म्हणावे लागेल. पटाला देवनागरीत ‘मराठी’ असे नाव देऊनही भागत नाही; भाषेनुसार आपोआप पट निवडणारे प्लेअर सहसा संकेताक्षरेच पाहतात.

दुरुस्ती सोपी आहे. ‘एमकेव्हीटूलनिक्स’ या मोफत संचातील हेडर एडिटर केवळ नोंद बदलतो, ध्वनीला हात लावत नाही. नको असलेला पट काढण्यासाठी फाइल नव्याने बांधावी लागते. मात्र पुन्हा एन्कोडिंग होत नसल्याने दर्जा घटत नाही.

दुसऱ्या प्रतीतील ध्वनिपट आणून जोडणे अधिक किचकट. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ चौकटींच्या वेगाने चालवून तयार केलेल्या प्रतीतील ध्वनी मूळ चित्राला जोडला, तर संवाद मिनिटागणिक २.४ सेकंदांनी ओठांच्या पुढे धावू लागतात.