न्यूरल क्वांटम अवस्था

अनेक कणांच्या क्वांटम प्रणालीचे तरंगफलन न्यूरल नेटवर्कच्या रूपात मांडण्याची पद्धत. झ्यूरिकच्या ईटीएच विद्यापीठातील जूझेप्पे कार्लेओ व मथियास ट्रॉयर यांनी २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ती मांडली. आज कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटले की माहितीचे प्रचंड साठे डोळ्यांसमोर येतात. इथे मात्र नेटवर्कला शिकवायला एकही नमुना लागत नाही. शिकवण्याचे काम क्वांटम यामिकीचे समीकरणच करते. या पद्धतीचे खरे महत्त्व त्यातच आहे.

अडचण मुळात संख्यांच्या स्फोटाची आहे. इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाच्या (स्पिनच्या) ‘वर’ आणि ‘खाली’ अशा दोन दिशा धरल्या, तर ५० परिवलनांच्या अवस्थेसाठी २ च्या ५० व्या घाताइतक्या संमिश्र संख्या लागतात. नेहमीच्या अचूकतेने त्या नुसत्या साठवायच्या म्हटल्या तरी सुमारे १८,००० टेराबाइट जागा हवी. ३०० परिवलनांना लागणाऱ्या संख्या दृश्य विश्वातील अणूंच्या अंदाजित संख्येपेक्षाही अधिक भरतात. सुदैवाने निसर्गात आढळणाऱ्या न्यूनतम ऊर्जेच्या अवस्था या अफाट पसाऱ्याचा अगदी छोटा कोपरा व्यापतात. त्या कोपऱ्याचे सुटसुटीत वर्णन कसे करायचे, हा प्रश्न जुनाच आहे. एका सरळ रेषेतील साखळ्यांसाठी स्टीव्हन व्हाइट यांच्या १९९२ मधील पद्धतीने त्याचे उत्तम उत्तर दिले. द्विमितीय जालकांत ती पद्धत लवकर दमते.

कार्लेओ व ट्रॉयर यांनी ‘मर्यादित बोल्ट्झमन यंत्र’ वापरले. त्यात एक थर दृश्य पेशींचा, म्हणजेच परिवलनांचा, आणि दुसरा लपलेल्या पेशींचा असतो. दोन थरांमध्ये जोडण्या असतात, पण एकाच थरातील पेशी परस्परांना जोडलेल्या नसतात. त्यामुळे लपलेल्या थरावरची बेरीज कागदावरच पुरी होते आणि तरंगफलनासाठी अपास्तीय कोज्यांच्या गुणाकाराचे आटोपशीर सूत्र मिळते. १०० परिवलने आणि ४०० लपलेल्या पेशी घेतल्या, तर १०० + ४०० + ४०,००० म्हणजे ४०,५०० प्राचलांत काम भागते. जालकाची सममिती वापरली की ते आणखी कितीतरी कमी होतात.

पुढची रीत अशी : एखादे परिवलन उलटवायचे, नव्या-जुन्या मांडणीच्या आयामांचे (तरंगफलनाने त्या मांडणीला दिलेल्या संख्यांचे) गुणोत्तर काढायचे आणि त्यानुसार बदल स्वीकारायचा किंवा नाकारायचा. अशा असंख्य पावलांतून ऊर्जेची सरासरी मिळते. कोणत्याही चाचणी-तरंगफलनाची ऊर्जा खऱ्या किमान ऊर्जेखाली जाऊ शकत नाही, म्हणून ती घटत जाईल असे प्राचल बदलत राहायचे. हे बदल करण्यासाठी त्रिएस्ते येथील सांद्रो सोरेल्ला यांनी विकसित केलेली पद्धत फार उपयोगी पडली. ८० परिवलनांच्या साखळ्या आणि १० × १० चे हायझेनबर्ग जालक यांवर पहिल्या चाचण्या झाल्या.

हे यंत्र भौतिकीला परके नव्हते. जॉन हॉपफील्ड यांचे १९८२ चे नेटवर्क चुंबकीय परिवलनांच्या प्रतिमानावरच उभे होते आणि जेफ्री हिंटन व सहकाऱ्यांच्या बोल्ट्झमन यंत्राने सांख्यिकीय यामिकीचे वितरण जसेच्या तसे उचलले. हॉपफील्ड व हिंटन यांना २०२४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले, तेव्हा हे संगणकशास्त्र आहे की भौतिकी, अशी कुरकूर झाली. प्रस्तुत विषय जवळून पाहणाऱ्याला ती निराधार वाटेल.

पद्धतीच्या ताकदीचा एक सैद्धांतिक पुरावाही लगेच पुढे आला. डोंग-लिंग डेंग, शियाओपेंग ली व शंकर दास सर्मा यांनी २०१७ मध्येच दाखवले की प्रणालीच्या आकारमानाबरोबर वाढत जाणारी क्वांटम गुंतणूकही असे यंत्र थोड्या प्राचलांत सामावू शकते.

खरी कसोटी लागते ती चिन्हांपाशी. चौरस जालकावरील शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या प्रतिलोहचुंबकात कोणत्या आयामाला धन आणि कोणत्याला ऋण चिन्ह, हे मार्शल यांच्या १९५५ च्या नियमाने आधीच कळते. त्रिकोणी मांडणीत मात्र पेच पडतो. तिन्ही परिवलनांना शेजाऱ्याच्या उलट दिशा हवी असते. दोघांचे जमले की तिसऱ्याला दोघांनाही एकाच वेळी खूश करता येत नाही. अशा कोंडीत सापडलेल्या चुंबकांत चिन्हांची घडण किचकट होते. तिचे काही नमुने पाहून उरलेली चिन्हे ओळखणे नेटवर्कला जड जाते, हे २०२० मध्ये टॉम वेस्टरहाउट व सहकाऱ्यांनी दाखवून दिले. नेटवर्कमध्ये ती अवस्था मांडण्याची क्षमता असणे आणि नेटवर्क ती प्रत्यक्षात शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुर्दैवाने या क्षेत्रातील उत्साही दाव्यांत हा फरक अनेकदा बुजतो.

पुढे रेणूंतील इलेक्ट्रॉनांसाठी ‘फर्मीनेट’ व बर्लिनमधील संशोधकांचे ‘पाउलीनेट’ (दोन्ही २०२०) आले. ऑग्सबुर्ग विद्यापीठातील आओ चेन व मार्कुस हाइल यांनी २०२४ मध्ये खोल नेटवर्कांचे प्रशिक्षण पुष्कळ स्वस्त करणारी रीत दिली.

अचूक उत्तर ठाऊक नसताना आपले उत्तर कितपत खरे मानायचे? त्यासाठी ऊर्जेचे विचरण पाहतात, कारण अचूक ऊर्जा-अवस्थेत ते शून्य असते. या विचरणावर आधारलेला ‘व्ही-स्कोअर’ हा मापदंड २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्येच प्रसिद्ध झाला. न्यूरल नेटवर्क, जुन्या संख्यात्मक पद्धती आणि क्वांटम संगणक यांची उत्तरे त्यामुळे एकाच पट्टीने मोजता येतात.