इटॅलिक आणि मोडी : दोन धांवतीं वळणें

बुलढाणा जिल्ह्यांत लोणार किंवा मेहकरकडे एखादें जुनें दगडी देऊळ दिसलें, कीं लोक त्यास सहज हेमाडपंती म्हणतात. देवगिरीच्या यादवांच्या ज्या प्रधानाचें नांव या दगडांना मिळालें, त्यासच परंपरा मोडी लिपीचेंही जनकत्व देते. देवळें अजून उभीं आहेत. परंतु याच जिल्ह्यांतील जुन्या वाड्यांच्या पेटाऱ्यांत मोडी कागदांचीं दप्तरें पडलेलीं असतात, तीं वाचणारा माणूस मिळणें कठीण झालें आहे. वांटणीपत्र हातीं असावें आणि पणतवास त्यांतील एक ओळही लागूं नये, अशी ही स्थिति. उलट, मोडीसारख्याच धांवत्या हातांतून निघालेलें यूरोपांतील इटॅलिक अक्षर पांचशें वर्षांनंतरही छापखान्यांत नांदत आहे. एकाचें भाग्य उजळलें व दुसऱ्याचें मावळलें, याचें कारण पाहण्यासारखें आहे.

इटॅलिकचें मूळ लेखणींत आहे. पंधराव्या शतकांत इटलींतील विद्वान् प्राचीन ग्रंथ उतरून घेत असत. भराभर लिहितांना त्यांचें अक्षर उजवीकडे झुके, अरुंद होई आणि एकमेकांस बिलगे. व्हेनिस येथील मुद्रक आल्डुस मानुटियुस याच्यासाठीं फ्रांचेस्को ग्रिफो या कारागिरानें हें वळण पोलादी ठशांत कोरलें, आणि इ. स. १५०१ मध्यें व्हर्जिल कवीचें लहान आकाराचें पुस्तक या खिळ्यांनीं छापून निघालें. तें सबंध पुस्तक इटॅलिकमध्यें होतें. मोठीं अक्षरें मात्र उभींच ठेविलीं होतीं. हातांत धरून कोठेंही वाचतां येईल असा ग्रंथ लोकांस इतका रुचला, कीं फ्रान्समध्यें लिऑन येथील मुद्रकांनीं लागलीच त्याची नक्कल केली.

येथवर इटॅलिक हें उभ्या रोमन अक्षराचें प्रतिस्पर्धी होतें. पुढें सोळाव्या शतकांत, विशेषतः फ्रान्समधील ठसे कोरणाऱ्यांच्या हातून, दोहोंचा संसार जुळला. मुख्य मजकूर रोमनमध्यें. ग्रंथाचें नांव, परभाषेंतील शब्द किंवा ज्यावर भर द्यावयाचा तो शब्द इटॅलिकमध्यें, अशी कामांची वांटणी झाली. इटॅलिक म्हणजे केवळ कललेलें रोमन नव्हे. रोमन वर्णमालेचें पहिलें लहान अक्षर उभ्या वळणांत बहुधा दुमजली असतें, तर इटॅलिकमध्यें एकाच पोटाचें. घडण वेगळी असल्यानें तें शेजारीं असूनही उठून दिसतें.

आतां मोडीकडे वळूं. बोरूनें आधीं ओळभर शिरोरेघ ओढावयाची आणि मग हात शक्य तितका न उचलतां खालीं अक्षरें गुंफीत जावयाचें, ही तिची रीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही ती फारसा मानीत नाहीं. पोथ्या बाळबोधींत आणि हिशेब, पत्रें, सनदा मोडींत, अशी वांटणी महाराष्ट्रांत होती. परंतु ती दोन निराळ्या कागदांची वांटणी होती, एका पानावरची नव्हे.

मोडीसही खिळे लाभले होते. बंगालमध्यें श्रीरामपूर येथें विल्यम कॅरे यानें १८०५ सालीं मराठी व्याकरण छापिलें, त्यांत मराठी शब्द देवनागरींत होते. १८१० चा त्याचा मराठी कोश मात्र मोडींत निघाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत नागपूरकर भोसल्यांची वंशावळही तेथें मोडींतच छापली गेली. परंतु एकमेकांत गुंतणारीं अक्षरें सुट्या खिळ्यांत बसविणें जिकिरीचें. पुढें मुंबईंत मुद्रणानें बाळबोधीचीच कास धरिली. १८३१ चा मोल्सवर्थचा कोश आणि १८३२ चें बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ बाळबोधींत निघालें. जावजी दादाजी यांनीं १८६४ मध्यें खिळ्यांचा कारखाना व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या सुबक खिळ्यांनीं देवनागरीचें आसन स्थिर केलें. १९१७ मध्यें मुंबई सरकारनें दप्तरांतूनही मोडी काढण्याचें ठरविलें, आणि विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शाळांतूनही तिचें शिक्षण संपलें.

मराठी पानावर भर द्यावयाचा तर ठळक खिळा किंवा अवतरणचिन्ह कामीं येतें. संगणक एका कळीसरशीं देवनागरी तिरपी करितो खरा. पण तीं तींच अक्षरें कलंडलेलीं असतात, नवें वळण त्यांत नसतें. आपलें स्वतःचें धांवतें वळण मोडींत होतें; तें बाळबोधीच्या शेजारीं, एका पानावर, कोणी बसविलें नाहीं. इटॅलिकला घर मिळालें तें सौंदर्यामुळें नव्हे, तर नेमून दिलेल्या कामामुळें. मोडीपाशीं मोठें काम होतें. तें गेल्यावर लहान काम तिला कोणी दिलें नाहीं.

२०१४ मध्यें मोडीस युनिकोडमध्यें स्थान मिळालें, आणि राज्याच्या पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्गही भरत असतात. अक्षरें पुन्हां छापतां येतील, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पेटाऱ्यांतील कागदास खिळ्यापेक्षां वाचकाची गरज अधिक आहे. कसर आपलें काम थांबवीत नाहीं. प्रत्येक गांवीं एक तरी तरुण मोडी शिकेल, तर दगडी देवळांइतकेच ते कागदही बोलके होतील.