करवत, घर आणि कायदा

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील म्हणत आले. त्या म्हणीत लाकडाचा उल्लेख नाही; परंतु ज्यांनी कौलारू घर उभे केले आहे, त्यांना घर बांधण्यातली निम्मी विवंचना लाकडाचीच असते हे सांगावे लागत नाही. दगड गावच्या खाणीत मिळे, माती शेतात मिळे, चुना भट्टीवरून येई. लाकूड मात्र आधी पिढीभर राखावे लागे, मग तोडावे लागे, वाळवावे लागे आणि शेवटी चिरावे लागे. या शेवटच्या क्रियेचा, म्हणजे चिरण्याचा, इतिहास कोणी फारसा लिहिलेला नाही. आमच्या घरात एकेकाळी त्यावरून दोन भावांत अबोला आला होता. त्या निमित्ताने जे वाचले, पाहिले आणि सरकारी नोकरीत अनुभवले, ते या अंकाच्या वाचकांपुढे ठेवतो.

येळ्ळूर हे गाव बेळगावच्या दक्षिणेस, राजहंसगडाच्या पायथ्याशी वसलेले आहे. गाव भाताचे. शेताच्या बांधावर आंबा, फणस, जांभूळ आणि अलीकडच्या पिढ्यांनी लावलेला साग. खरे जंगल पुढे खानापूर तालुक्यात, जांबोटी, नागरगाळी, लोंढ्याच्या बाजूला. साग, शिसव, ऐन, नाणा, किंजळ, जांभा, हेद ही नावे आमच्या लहानपणी झाडांची म्हणून कमी आणि घराच्या भागांची म्हणून अधिक परिचित होती. खांब कशाचा, तुळई कशाची, चौकट कशाची, याची चर्चा थोरांच्या तोंडी सतत असे.

आमच्या आजोबांच्या काळात ओंडका चिरण्यासाठी कोठेही न्यावा लागत नसे. चिरणारेच दारात येत. दोघांची जोडी असे. ओंडका उंच घोडीवर चढवून बांधायचा, गेरूत बुडवलेल्या दोरीने सूत मारायचे, एकाने वर उभे राहायचे आणि एकाने खाली. वरचा करवत रेषेवर ठेवी, खालचा ओढी. कापण्याचे खरे काम खाली ओढताना होई. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाऊ नये म्हणून तो कपाळावरून फडके बांधी. संध्याकाळी कानशीने दात घासायचे आणि ते आळीपाळीने दोन्ही बाजूंना किंचित वाकवायचे, म्हणजे करवत लाकडात अडकत नाही. काम महिना महिना चाले. पण सालपटे चुलीला, भुसा गोठ्यात आणि तुकडे पाट-चौरंगाला, असा एकही ढलपा घराबाहेर जात नसे.

हे हातकाम मागे पडण्याचे पहिले कारण यंत्र नव्हे, कौल होते. जुन्या नळीच्या कौलांना वासा थोडा वाकडा असला तरी चालत असे. त्याखाली बांबू बांधला की भागे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि खाचेची चपटी कौले सर्वत्र पसरली. पुढे खानापूरच्या मातीतही कौलांचे कारखाने उभे राहिले. या कौलाची खाच रिपेवर नेमकी बसावी लागते. त्यासाठी रिपा सरळ हव्यात आणि त्यांच्यातील अंतर सारखे हवे. म्हणजे एका घराला शेकडो फूट सारख्या मापाच्या चिरलेल्या रिपा लागू लागल्या. हाताने हे काम परवडेना, आणि शहरातील वखारींच्या मागे लाकूड कापण्याच्या गिरण्या सुरू झाल्या. कौल शाकारणाऱ्याने सुताराचा धंदा बदलला, असे म्हणायला हरकत नाही.

यंत्राचे आपल्या भागाला वावडे कधीच नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचे दुकान काढले ते बेळगावात. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तेथेच आकाराला आले, आणि १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीस गेले. कडबा कापण्याचे यंत्र घरोघर आले, पाण्याचे इंजिन आले, भात भरडण्याची गिरणी आली. मग घरचे लाकूड चिरण्याचे यंत्र का येऊ नये, हा प्रश्न स्वाभाविक होता. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने वसाहतकऱ्यांना १६० एकर जमीन मिळू लागली, तेव्हा ओढ्याकाठची करवत गिरणी हा त्या वस्त्यांचा आधार असे. ओंडके आपले न्यायचे आणि मजुरीपोटी काही फळ्या गिरणीवाल्याने ठेवून घ्यायच्या, असा व्यवहार चाले. पुढे तर शेतकरी स्वतःची छोटी गिरणी विकत घेऊन घर, गोठा, कुंपण सारे त्यावर उभारू लागला. आपल्याकडे तसे घडले नाही. ते का घडले नाही, याचे उत्तर करवतीत नाही, जंगलाच्या मालकीत आहे.

मराठी राज्यात या विषयाचा विचार झालेला होता. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी स्वतंत्र सूचना आहेत. आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेली असतात. ती बळाने तोडू नयेत, एखादे झाड फारच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे, असा त्यांचा आशय आहे. झाड शेतकऱ्याचे आहे, हे येथे राज्यकर्ता मान्य करतो.

इंग्रजी अमलात दृष्टी पालटली. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली जहाजे मलबार आणि कानडा किनाऱ्याच्या सागावर उभी होती. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमध्ये आजही तरंगते आहे. साग संपत चालल्याचे लक्षात आले तेव्हा १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांना मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक नेमण्यात आले. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला आणि दांडेलीचे सागवान मुंबई सरकारच्या हाती पडले. १८७८ च्या कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलांच्या सीमा पक्क्या झाल्या. त्याच सुमारास बेळगाव, लोंढा आणि मुरगाव लोहमार्गाने जोडले गेले. रुळांखालच्या स्लीपरांसाठी जंगले उतरू लागली. गावकऱ्याला वाशासाठी परवानगी हवी आणि रेल्वेला गाड्या भरभरून लाकूड मिळे, हा विरोधाभास लोकांच्या मनात सलत राहिला. १९३० मध्ये बिळाशी, चिरनेर येथील जंगल सत्याग्रहांना जो पाठिंबा मिळाला, त्यामागे ही सल होतीच.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या वेदनेविषयी या वाचकांना नव्याने काय सांगावे! एवढेच नोंदवतो की, झाडाचा कागदही त्या दिवसापासून परभाषेत गेला. आजोबांच्या वेळचे कागद मोडीत, वडिलांच्या वेळचे बाळबोधीत आणि आमच्या वेळचा उतारा कानडीत, अशी एकाच आंब्याची तीन लिप्यांतील नोंद आमच्या पेटीत आहे. पुढे कर्नाटक वन अधिनियम १९६३ आणि वृक्षसंरक्षण अधिनियम १९७६ हे कायदे आले. तोडीला परवानगी, वाहतुकीला पास, ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का, आणि करवत गिरणीला परवाना, ही साखळी पूर्ण झाली.

आता आमच्या घरातील गोष्ट. १९९८ च्या पावसाळ्यात थोरल्या घराची मागची भिंत खचली आणि आढे मोडले. धाकट्या भावाने ठरवले की, घर पुन्हा बांधायचे ते आपल्याच लाकडाचे. बांधावरचे साग वडिलांनी लावलेले, फणस आजोबांचा. शहरात एक बंद पडलेली छोटी गिरणी विक्रीला होती. पट्ट्याची करवत, इंजिनासह. ती घ्यायची, मळ्यात बसवायची, आपले लाकूड चिरायचे आणि नंतर भाऊबंदांचेही चिरून द्यायचे, असा त्याचा बेत.

त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. वखारीत गोल लाकूड मोजताना घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. ४८ इंच घेराचा, १० फुटी ओंडका या रीतीने १० घनफूट भरतो. खऱ्या गणिताने तो पावणेतेरा घनफुटांच्या जवळ जातो. चौरस करताना निघणारी सालपटे म्हणून हा फरक सोडलेला असतो. पण शेतकऱ्याने विकताना तो फरक घेणाऱ्याकडे जातो आणि शेतकऱ्याने चिरायला नेला तर सालपटे बहुधा गिरणीतच राहतात. दुसरी गोष्ट करवतीच्या जाडीची. एक फूट चौरस तुळईतून इंची फळ्या काढायच्या, तर ६ मिलिमीटर लाकूड खाणाऱ्या गोल करवतीने ९ फळ्या निघतात. २ मिलिमीटर खाणाऱ्या पट्ट्याच्या करवतीने ११. दोन फळ्यांचा भुसा होतो की घर होते, हा त्याचा प्रश्न होता.

आम्ही तेव्हा महसूल खात्यात होतो. आम्ही त्याला थांबवले. परवान्यावाचून गिरणी बसवता येणार नाही आणि आजच्या दिवसांत परवाना मिळणार नाही, हे आम्हांला ठाऊक होते. तो एवढेच म्हणाला, “दादा, झाड आमचं, रान आमचं, घर बी आमचंच, मग करवत तेवढी सरकारची कशी?” आम्ही नियम सांगितला. उत्तर दिले नाही. नियम सांगणे म्हणजे उत्तर देणे नव्हे, हे त्या वयात आम्हांला उमगले नव्हते. पुढे दोन वर्षे तो आमच्याशी कामापुरतेच बोलला.

त्या नियमामागची घटना मात्र सांगण्याजोगी आहे. केरळातील निलंबूरच्या जुन्या जमीनदार घराण्यातील टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड यांनी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. नीलगिरीतील गुडलूरचे जे रान एकेकाळी त्यांच्या घराण्याचे होते, ते सरकारकडे गेल्यावर तेथे चाललेली तोड त्यांना पाहवेना. १२ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने आदेश दिला आणि ‘वन’ या शब्दाचा अर्थच विस्तारला. केंद्राच्या मान्यतेवाचून जंगलात चालणाऱ्या करवत गिरण्या तत्काळ थांबवाव्या लागल्या. ३० ऑक्टोबर २००२ च्या आदेशाने केंद्रीय अधिकार समितीच्या परवानगीशिवाय नवी गिरणी उघडण्यास सर्व राज्यांना मनाई झाली. ती अट २०१५ मध्ये सैल होऊन निर्णय राज्यस्तरीय समित्यांकडे आला आणि २०१६ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. तरीही परवाना लागतोच. म्हणजे एका जुन्या घराण्याच्या वंशजाने आपले गेलेले रान वाचवण्यासाठी जी दाद मागितली, तिच्यामुळे दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याची करवत थांबली. दोघांची तळमळ एकाच जातीची होती.

कायदा चुकीचा होता, असे आम्ही म्हणत नाही. नोकरीत आम्ही पाहिले आहे की, रानाच्या कडेला गिरणी आली की बांधावरचा साग आणि राखीव रानातला साग यांत फरक उरत नाही. फळी झाल्यावर झाडाचा उतारा कोण विचारतो? खानापूरच्या रानाचा जो भाग २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झाला, तो उरला म्हणूनच अभयारण्य होऊ शकला. परंतु चोराला आवर घालणारा नियम आणि घरधन्याला वाट देणारा नियम हे दोन्ही एकाच कागदावर लिहिता येतात. आज्ञापत्राच्या कर्त्याला ते जमले होते. आमच्या खात्यांना ते जमले नाही, आणि त्या खात्यांत आम्हीही होतो.

शेवटी परवानगीने झाडे तोडली, ट्रॅक्टरवर घालून शहरातील परवानाधारक गिरणीत नेली आणि रिपा, वासे, फळ्या करून आणल्या. सालपटे तेथेच राहिली. आढ्यासाठी मात्र भावाने हट्ट धरला. खानापूरच्या बाजूचे दोन वृद्ध करवतकरी त्याने शोधून आणले. त्यांनी चौकात घोडी उभारली, सूत मारले आणि आजोबांचा फणस हाताने चिरला. खालच्या बाजूचा म्हातारा दमला तेव्हा भाऊ खाली उतरला. थोड्या वेळाने वरच्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही नोकरदार, हात मऊ. तरी वर चढलो. आमची करवत रेषेवरून ढळली, ती खूण आढ्यावर आजही आहे. त्या दुपारी भाऊ आम्हांला म्हणाला, “सरळ धर की, दादा.” दोन वर्षांनंतरचे ते पहिले मोकळे वाक्य.

आता ती पिढी सरत आली आहे. स्लॅबची घरे होत आहेत आणि जुनी घरे उतरवली की तुळया, खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे एकगठ्ठा जातात. घर फिरले की वासे फिरतात म्हणतात. येथे तर वासेच विकले जात आहेत. ते थांबवणे कोणाच्या हाती नाही. पण जुन्या घराण्यांतील वाचकांना एक विनंती आहे. घर उतरवण्यापूर्वी एक दिवस द्यावा. कोणता खांब कोणत्या झाडाचा, ते झाड कोणाच्या बांधावरचे, ते कोणी चिरले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. तुळईवर करवतीच्या खुणा तिरप्या आणि असमान असतील तर ती हाताने चिरलेली आहे; गोल चापाच्या असतील तर गोल करवतीची; सरळ, सारख्या अंतराच्या असतील तर पट्ट्याची. एवढ्यावरून घराचा काळ अदमासे सांगता येतो. कागद तीन लिप्यांत विखुरले. लाकडावरची लिपी मात्र सर्वांना वाचता येईल अशी आहे. ती वखारीत रंध्याखाली जाण्यापूर्वी वाचून घ्यावी.