घरपट्टीची पावती : दोन शतकांचा मागोवा

जुन्या घरांतील फडताळात जे कागद पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेले असतात, त्यांत खरेदीखत आणि वाटणीपत्र यांच्या खालोखाल घरपट्टीच्या पावत्यांचे स्थान असते. वारसाहक्काचा वाद उद्भवला म्हणजे त्या बाहेर निघतात. एरवी त्यांकडे कोणी पाहत नाही. वस्तुतः या पावत्या क्रमाने लावून पाहिल्या, तर नगराचा जेवढा इतिहास त्यांतून वाचता येतो तेवढा क्वचितच एखाद्या दस्तऐवजातून वाचता येत असेल. भिंती त्याच, छप्पर तेच, राहणारी माणसेही त्याच कुळातील. आणि तरीही पावतीवरील आकडा बदलत राहतो. कधी तो वर्षानुवर्षे गोठून जातो, तर कधी एकाच वर्षात दुप्पट होतो.

या बदलाची कारणे तीन. घराचे मोल कशावरून ठरवावयाचे, हे माप. त्या मोलावर शेकडा किती आकारावयाचे, हा दर. आणि पावतीवर कोणकोणत्या करांची बेरीज करावयाची, या बाबी. या तिन्हींपैकी दराची चर्चा सर्वाधिक होते. परंतु मोठी उलथापालथ घडविली ती मुख्यत्वे मापाने.

घरपट्टी हा शब्द मराठी अमदानीतील कागदपत्रांना परका नाही. अनेक पट्ट्यांपैकी ती एक होती. तथापि नगरातील प्रत्येक घरावर, त्याच्या भाड्याच्या प्रमाणात, दरवर्षी कर घ्यावयाचा ही कल्पना कंपनी सरकारने आणली आणि तिला पहिला मोठा विरोध झाला तो काशी क्षेत्रात. १८१० च्या पंधराव्या रेग्युलेशनने बंगाल इलाख्यातील काही मोठ्या शहरांतील घरांवर कर बसविण्यात आला. त्या वर्षाच्या अखेरीस बनारसच्या रहिवाशांनी दुकाने बंद केली, कारागिरांनी कामे थांबविली आणि हजारो लोक घरे सोडून उघड्या मैदानात धरणे धरून बसले. जमिनीचा सारा आणि मालावरील जकात आधीच देत असताना राहत्या निवाऱ्यावर नवा कर कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. सरकारने प्रथम देवस्थाने आणि अगदी गरिबांची घरे यांना सूट देऊ केली. पुढे तो करच मागे घेतला. धर्मपाल यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रकरणाचा मूळ सरकारी पत्रव्यवहार उजेडात आणला. दक्षिणेतून जाऊन काशीत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय घराण्यांच्या दृष्टीनेही या प्रसंगाचे महत्त्व उघड आहे.

या अनुभवाने सरकार एक गोष्ट शिकले : कर देणाऱ्याला कराच्या विनियोगात काही शब्द दिल्यावाचून घरपट्टी वसूल होणे कठीण. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने रहिवाशांची इच्छा असेल तेथे नगरपालिका स्थापण्याची तरतूद केली. मुंबई शहरात १८६५ नंतर आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या अमदानीत शहरसुधारणेवर भरमसाट खर्च झाला आणि १८७१ मध्ये करदात्यांनी त्याविरुद्ध मोठी चळवळ उभारली. तिचे फळ म्हणजे १८७२ चा कायदा. त्यान्वये चौसष्ट सभासदांच्या महापालिकेत बत्तीस जागा करदात्यांनी निवडून द्यावयाच्या झाल्या. मताचा हक्क मात्र ठरावीक रकमेची पट्टी भरणाऱ्यालाच होता. घरपट्टीची पावती हीच अशा रीतीने नागरिकत्वाची सनद ठरली. मुंबईच्या महापालिका निवडणुकीत प्रौढ मताधिकार यावयास १९४८ साल उजाडावे लागले. दरम्यानच्या पाऊण शतकात हजारो भाडेकरू शहरात राहत होते, घरमालकाच्या भाड्यातून अप्रत्यक्षपणे कर भरत होते. पण त्यांतील बहुसंख्यांना मत नव्हते.

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने जे माप ठरविले, तेच थोड्याफार फरकाने पुढे इलाख्यातील अन्य नगरांत रूढ झाले. घर वर्षाकाठी भाड्याने दिल्यास वाजवीपणे जे भाडे येण्याची अपेक्षा करता येईल, त्यातून दुरुस्तीपोटी शेकडा दहा वजा जाता उरेल ते करयोग्य मूल्य. ही व्याख्या इंग्लंडमधील १८३६ च्या कायद्यावरून उचललेली होती. तीत एक शहाणपण होते. मालक स्वतः घरात राहत असला तरी घराची मिळकतक्षमता मोजली जाई. भाडी वाढली की करही आपोआप वाढे, आणि नगराच्या भरभराटीचा वाटा नगराच्या तिजोरीत पडे. मात्र या व्याख्येचा सगळा डोलारा 'वाजवी' या एका शब्दावर उभा होता.

त्या शब्दाला पहिला धक्का महायुद्धांनी दिला. घरांच्या टंचाईमुळे १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रण आले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे सामान्यतः प्रमाण भाडे मानले. भाडेकरूला बेघर होण्यापासून वाचविणे हा हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु भाडे गोठले, तशी घरपट्टीही गोठणार का, हा प्रश्न लवकरच न्यायालयांपुढे आला. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये पद्मादेवी खटल्यात उत्तर दिले की, कायद्याने जे भाडे घेता येत नाही ते वाजवी म्हणता यावयाचे नाही. म्हणून करयोग्य मूल्य प्रमाण भाड्याच्या वर नेता येत नाही. १९७९ च्या दिवाण दौलतराय कपूर खटल्यात हेच तत्त्व आणखी पुढे गेले. प्रमाण भाडे कोणी ठरवून घेतलेले नसले, किंवा मालक स्वतः राहत असला, तरीही मर्यादा तीच राहील असे ठरले.

याचा परिणाम एका साध्या हिशेबाने ध्यानात येईल. समजा, १९४० मध्ये एका घराचे भाडे महिना वीस रुपये होते. वार्षिक भाडे दोनशे चाळीस. दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य दोनशे सोळा. सर्व करांची बेरीज शेकडा पंचवीस धरली, तर घरपट्टी चोपन्न रुपये. चाळीस वर्षांनी समोरच नवी इमारत उभी राहिली आणि तेवढ्याच जागेचे भाडे महिना हजार रुपये ठरले, तर तिची घरपट्टी सत्तावीसशे रुपये. रस्ता तोच, दिवा तोच, नळही तोच. पण एकाचा भार दुसऱ्याच्या पन्नासपट. नगरपालिकेला उत्पन्न वाढवावयाचे झाल्यास माप तिच्या हाती नव्हते. दर तेवढा हाती होता. दर दुप्पट केला की जुन्या घराला चोपन्न रुपये अधिक पडत, नव्या घराला सत्तावीसशे. नव्याने घर बांधणाऱ्याने जुन्या शहराचा खर्च उचलावयाचा, अशी ही विपरीत व्यवस्था होती. तिचा लाभ जुन्या मालकालाही झाला असे म्हणता येणार नाही. तुटपुंज्या भाड्यात दुरुस्ती होईना, घरे खचू लागली, आणि करातील बचत पडक्या भिंतींत जिरून गेली.

मूळ मोल गोठलेले असताना पावतीवरील ओळी मात्र वाढत गेल्या. मुंबईच्या पावतीवर सर्वसाधारण करासोबत पाणीपट्टी, पाणी लाभ कर, मलनिस्सारण कर, मलनिस्सारण लाभ कर, पथकर आणि महापालिका शिक्षण उपकर आले. १९६२ च्या कायद्याने राज्याचा शिक्षण कर आला. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्रास रोजगार हमी योजना दिली, आणि तिच्या खर्चासाठी शहरांतील निवासेतर इमारतींवर रोजगार हमी उपकर बसला. मराठवाड्यातील खडी फोडणाऱ्या हातांची मजुरी मुंबईच्या पेढीच्या पावतीवर अशी उमटली. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानंतर वृक्ष उपकराची भर पडली. पावतीची प्रत्येक ओळ ही एखाद्या सार्वजनिक निर्णयाची तारीखच होय.

ग्रंथप्रेमी वाचकास या ओळींपैकी एकीविषयी विशेष आस्था वाटावयास हवी. डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून झालेल्या १९४८ च्या मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने घरपट्टीच्या प्रत्येक रुपयामागे अर्धा आणा ग्रंथालय उपकर म्हणून घेण्याचे ठरविले. हैदराबाद राज्याने १९५५ मध्ये ग्रंथालय कायदा केला. आंध्र प्रदेशाने १९६० मध्ये आणि म्हैसूर राज्याने १९६५ मध्ये उपकराची वाट स्वीकारली. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात मात्र असा उपकर नाही. तेथे सार्वजनिक ग्रंथालयांस सरकारी अनुदान मिळते. गोव्याने १९९३ च्या कायद्यात हा भार घरांवर न टाकता मद्यावर ठेवला. राज्याची सीमा बदलली की पावती कशी बदलते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगावचा घरमालक मुंबई राज्याच्या कायद्याखाली पट्टी भरीत होता. त्या दिवसापासून तो म्हैसूर राज्यात गेला, आणि पुढे त्याच्या पावतीवर ग्रंथालय उपकराची ओळ आली. ज्याने कधी ग्रंथालयाची पायरी चढली नाही, तोही त्यायोगे ग्रंथालयाचा आश्रयदाता झाला. हा पैसा मात्र सरकारी ग्रंथालय व्यवस्थेकडे जातो. सीमाभागातील जुन्या मराठी ग्रंथालयाचा वाचक उपकर भरतो तो नगरातील रहिवासी म्हणून, आणि वर्गणी भरतो ती आपल्या संस्थेचा सभासद म्हणून. जुन्या संस्था जगल्या त्या या दुसऱ्या पैशावर.

घरपट्टीकडे राज्यकर्त्यांचे लक्ष पुन्हा वळले ते जकात गेल्यामुळे. नाक्यावरील जकात अप्रत्यक्ष, म्हणून लोकांस ती फारशी बोचत नसे. नगरपालिकांनाही तिचा मोठा आधार होता. मध्य प्रदेशाने ती १९७६ मध्ये, कर्नाटकाने १९७९ मध्ये आणि गुजरातेने २००७ मध्ये रद्द केली. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर संपली. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांस घटनात्मक स्थान मिळाले. परंतु स्वतःचा म्हणता येईल असा मोठा कर घरपट्टीशिवाय फारसा उरला नाही.

तेव्हा माप बदलण्यास सुरुवात झाली. पाटण्याने १९९३ मध्ये भाड्याचा शोध सोडून क्षेत्रफळ, रस्त्याचा दर्जा, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांवर कर बेतला. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ती पद्धत ग्राह्य मानली. अहमदाबादेने २००१ च्या सुमारास आणि दिल्लीने २००४ मध्ये क्षेत्रफळाचाच मार्ग धरला. कर्नाटकातील नगरांत भांडवली मूल्यावर आधारलेली स्वयंघोषणेची पद्धत आली, आणि दर तीन वर्षांनी किमान पंधरा टक्के वाढीची तरतूद झाली. गोठलेल्या आकड्याची जागा ठरावीक पावलांनी चढणाऱ्या आकड्याने घेतली. घरमालकाला वाढ आवडली नाही तरी ती आधी ठाऊक असते, हा या पद्धतीचा गुण; उत्पन्न थांबलेल्या वृद्ध मालकालाही ती चुकत नाही, हा दोष.

मुंबईने १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत लागू केली. भाडे किती येईल याऐवजी मालमत्तेची किंमत काय, हा प्रश्न विचारला गेला. जुन्या इमारतींची घरपट्टी एकदम कडाडू नये म्हणून निवासी घरांस दुपटीची मर्यादा घातली गेली, आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांस पाच वर्षे वाढीतून वगळले. तरीही वाद न्यायालयात गेला. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जमिनीवर पुढे काय बांधता येईल याच्या शक्यतेवर आज कर आकारता येणार नाही. जे आहे त्याचेच मोल धरावे. त्याच वर्षाच्या आरंभापासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर माफ झाला होता. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकांस १९७० पासून मिळणारी चाळीस टक्क्यांची सवलत २०१९ मध्ये काढून घेतली गेली आणि २०२३ मध्ये परत दिली गेली. मधल्या काळात शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोघांच्या पावत्या केवळ नोंदणीच्या तारखेमुळे वेगळ्या झाल्या.

माफी आणि सवलत यांचे स्वागत होणे स्वाभाविक आहे. तथापि १८७२ ची आठवण येथे ठेवावयास हवी. करदात्याने हिशेब मागितला, कारण त्याने पट्टी भरली होती. ज्याच्या घरी पट्टीची मागणीच येत नाही, त्याचा मताचा हक्क आज अबाधित आहे, ही लोकशाहीची मोठी कमाई. पण गटार का तुंबले आणि रस्ता का खचला हे विचारण्याची जी सवय पावतीने लावली होती, ती पावतीबरोबर जाऊ नये. दुसऱ्या बाजूस, ज्याच्या पावतीवरील आकडा दर काही वर्षांनी चढतो, त्याला त्या चढाची कारणे सोप्या भाषेत समजणे हा त्याचा हक्क होय.

बनारसच्या मैदानात बसलेल्या लोकांनी विचारलेला प्रश्न कराच्या रकमेपुरता नव्हता. न विचारता लादण्याबद्दल होता. त्यानंतर माप बदलले, दर बदलले, ओळी वाढल्या, राज्येही बदलली. तो प्रश्न मात्र प्रत्येक नव्या पावतीबरोबर पुन्हा उभा राहतो. त्याचे उत्तर ज्या नगरात दिले जाते, तेथील पावती फडताळात जपून ठेवली जाते ती केवळ मालकीचा पुरावा म्हणून नव्हे, तर नगर उभारण्यात आपलाही वाटा आहे याची खूण म्हणून.